कांदा, लसूण, बेदाणे : कुत्र्या-मांजराच्या भांड्यात नकोतच

आमच्याकडून प्राण्यांचे खाद्य नेणारे अनेक जण सांगतात, ‘‘आमच्या ताटातलंच थोडं देतो, अजून तरी काही झालं नाही.’’ त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो : त्यात कांदा-लसूण होता का?

कांदा, पातीचा कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवले, तळले तरी विष जात नाही. वाळवलेली पूड तर जास्तच तीव्र, आणि ती तयार सूप-सॉसमध्ये हमखास असते. मांजराला वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम कांदाही बाधू शकतो. चार किलोच्या मांजराला दोन मोठे चमचे चिरलेला कांदाही बाधायला पुरतो. लसूण त्याहून जहाल. लक्षणे मात्र बहुतेकदा काही दिवसांनी दिसतात : हिरड्या पांढुरक्या, लघवी तांबूस, चालताना धाप. तोवर काय खाल्ले होते ते घरात कुणाच्या लक्षातही नसते.

द्राक्षे, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. एकाला मूठभर पचतात, दुसऱ्याला चार भोवतात. म्हणून एकही देऊ नका, केकमधलासुद्धा.

चॉकलेट जितके गडद तितके वाईट. त्यातले थिओब्रोमिन हे उत्तेजक द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. उलट्या, धडधड, पुढे झटके येतात. चहा-कॉफीची पूडही त्याच जातीची.

शुगर-फ्री च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असते. वेष्टनावर ते ‘बर्च शुगर’ या नावानेही येते. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते. इथे वाट पाहणे परवडत नाही.

यीस्ट घातलेले कच्चे पीठ पोटात फुगते आणि त्यातून मद्यार्कही तयार होतो. जायफळ जास्त झाले तर भ्रम होतो. पक्षी पाळला असेल तर अ‍ॅव्होकॅडो त्याच्यापासून लांबच ठेवा. कुत्र्या-मांजरांना कोथिंबीर आणि बेसिल मात्र खुशाल चघळू द्यात.

खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. मिठाचीच विषबाधा होते. लक्षणे दिसेपर्यंत न थांबता पशुवैद्यांना फोन करा. काय, किती, केव्हा खाल्ले आणि प्राण्याचे वजन किती, एवढे सांगा. निघताना फाटके पाकीटही सोबत घ्या, कारण घटकांची यादी त्यावरच असते.