गाडीत पाणी शिरतं कुठून?

जुलैतली गोष्ट. इगतपुरीहून भर पावसात परतलो, गंगापूर रोडला घराखाली गाडी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या सीटसमोर पाय ठेवला तर चपलेखाली पच्च आवाज झाला. मॅट उचलली. खालच्या कार्पेटवर अंगठा दाबला, तर अंगठ्याभोवती पाण्याचं छोटं तळं साचलं. काचा बंद होत्या, दारांचे रबर चांगले होते, छताला ओलावा नव्हता. गॅरेजमध्ये पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरून दिलं. पुढच्याच पावसात पुन्हा तळं.

तेव्हा मी हा विषय मुळापासून समजून घ्यायला बसलो, आणि पहिलीच गोष्ट कळली ती अशी की गाडी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा नव्हे. ती कौलारू घरासारखी आहे. पाणी आत घ्यायचं आणि ठरलेल्या पन्हळीतून बाहेर सोडायचं, अशीच तिची रचना असते. म्हणून गळती झाली की भोक शोधण्याआधी तुंबलेली पन्हळ शोधावी.

दाराचंच घ्या. काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच. ते दाराच्या तळाशी असलेल्या बारीक खाचांतून बाहेर पडतं. ते आतल्या बाजूला येऊ नये म्हणून दाराच्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट ब्युटाइलने डकवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन बदलताना हा कागद फाटतो, किंवा साध्या टेपने कसाबसा परत लावला जातो. मग पाणी पॅडमागून ओघळून थेट कार्पेटखाली जातं. त्यामुळे दाराजवळ ओल दिसली की आधी आठवावं, या दाराचं पॅड शेवटचं कधी काढलं होतं?

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची पन्हळ वायपरखाली असते. काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीखाली एक खोलगट जागा आहे, काचेवरचं सगळं पाणी तिथे उतरतं. 1 चौरस मीटर पृष्ठभागावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. पुढची काच साधारण तेवढीच असते. म्हणजे तासात 20 मिलिमीटर पाऊस झाला, तर नुसत्या काचेचंच 20 लिटर पाणी या पन्हळीने वाहून न्यायचं. एसी आणि ब्लोअरसाठी बाहेरची हवाही इथूनच घेतली जाते, कारण गाडी धावताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि हवा आपोआप आत ढकलली जाते. पन्हळ तुंबली की पाणीही त्याच वाटेने आत येतं. आपल्याकडे गुलमोहर आणि कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावायची सवय आहे. गुलमोहराची बारीक पानं जाळीतून सहज आत जातात आणि कुजून गाळ होतात.

आता पाणी एका जागी शिरतं आणि भलत्याच जागी का दिसतं? चहा ओतताना तो कधीकधी धारेने न पडता पातेल्याच्या बाहेरून ओघळतो, तसंच हे आहे. पाणी पत्र्याला आणि वायरींना चिकटून लांबवर सरकतं. दोन पत्र्यांमधल्या बारीक फटीत तर ते केशाकर्षणाने, कंदिलाच्या वातीत तेल चढावं तसं, वरही चढतं. शेवटी सखल जागी, फोममध्ये साठतं. गाडी उतारावर लावली की तळ्याची जागाही बदलते.

पाणी पावसाचंच आहे ना, हेही बघावं. कोरड्या दिवशी एसी लावून फिरल्यावर ओल आली, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. 30 अंशाच्या पूर्ण दमट हवेत प्रति घनमीटर 30 ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, 10 अंशाला जेमतेम 9 ग्रॅम. उरलेलं बाष्प एसीच्या गार जाळीवर पाणी होऊन जमतं. दमट दिवसात एसी चालू असूनही गाडीखाली थेंब पडत नसतील, तर शंका घ्या. पाणी बोटांना चिकट लागलं, गोडसर वास आला, काचेच्या आतून तेलकट धुकं धरलं, तर ते हीटरमधून झिरपणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे. मग उशीर न करता गाडी मिस्त्रीला दाखवा, नाहीतर इंजिन तापेल.

पावसाचं पाणी असेल तर घरीच शोधता येतं. आतून सगळं कोरडं करा, कार्पेट वर उचला, पत्र्यावर वर्तमानपत्र पसरा, संशयाच्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने हळू धार सोडावी. सुरुवात खालून करायची आणि एकेका जागी पाच-दहा मिनिटं थांबत वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने तर चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं. पावडरमध्ये ओघळाची रेघ उमटली की तीच धरून मागे जायचं.

सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या नायलॉनच्या मऊ दोरीने साफ कराव्यात. हवेचा जोर देऊ नये, आतला सांधा निसटतो.

माझ्या गाडीत पावडरची रेघ ब्लोअरच्या डब्याकडे गेली. वायपरखालची जाळी काढली, तर आत चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ, मूठभर. खालच्या रबरी तोंडात वायर घातली आणि पाणी भसकन चाकामागे उतरलं. काचेचं सिलिकॉन वाया गेलं होतं.

खरा त्रास सुकवण्याचा झाला. कार्पेट वरून दोन तासांत कोरडं वाटतं, पण खालचा फोम कित्येक लिटर पाणी धरून असतो. त्याला बुरशी येते, पत्रा गंजतो आणि खालून जाणाऱ्या वायरींचे जोड हिरवे पडतात. सीट काढायची वेळ आली तर पिवळ्या जोडांना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या वायरी असतात. ते काम मिस्त्रीकडेच द्या. आमचा फोम गच्चीवर उलटापालटा करत सुकायला तीन दिवस लागले.

गाडी अजून घराजवळच्या गुलमोहराखालीच असते. दर पंधरा दिवसांनी जाळीवरची पानं उचलतो, तांब्याभर पाणी ओततो आणि वाकून बघतो, चाकामागून धार पडते का.