कम्पालाच्या दलदलीतलं अळू

युगांडाची राजधानी कम्पाला मॅपवर सॅटेलाइट मोडमध्ये उघडून बघा. शहराच्या आग्नेयेला, सांडपाणी वाहून आणणाऱ्या नाकिवुबो नाल्यापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत हिरवा पट्टा दिसतो आणि वाटतं, वा, शहराने पाणथळ जागा जपली की. पण त्यातला बराच हिरवा रंग अळूचा आहे. हो, आपल्या मोरीच्या पाण्यावर माजतं तेच अळू, तिकडे त्याला मायुनी म्हणतात आणि कंद उकडून खातात. हिरवं ते सगळं सारखंच, काहीतरी उगवतंय म्हणजे पाणी शुद्ध होतंय, हा समज किती चुकीचा आहे ते इथे छान कळतं.

आधी थोडा इतिहास. कम्पाला टेकड्यांचं शहर. बुगांडा या तिथल्या राज्याचे राजे टेकडीवर, उतारावर केळीच्या बागा, आणि मधल्या दऱ्यांत पपायरसची (उंच, लव्हाळ्यासारखी पाणवनस्पती) दलदल, जिथून छपराला, चटयांना पपायरस कापून आणायचा. ब्रिटिशांनी 1900 च्या करारात राजघराण्याला आणि सरदारांना चौरस मैलाच्या हिशोबात जमिनी वाटल्या, दलदलीवर कुणाचा डोळा नव्हता. त्यामुळे पुढे खेड्यांतून शहरात आलेल्या, जमीन नसलेल्या लोकांना तीच सापडली. मग 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं (त्यात गुजराती खूप होते), धंदे बसले, पगाराला किंमत उरली नाही, आणि ऑफिसात नोकरी करणारेही कुदळ घेऊन उतरले. 1990 च्या सुमाराला शहरातली जवळजवळ एक तृतीयांश घरं काही ना काही पिकवत होती, कष्ट मुख्यतः बायकांचे, आणि त्या दशकातल्या पाहणीत शेती करणाऱ्या घरांतल्या लहान मुलांची वाढ इतरांपेक्षा बरी दिसली. म्हणजे हा काही टेरेस गार्डनवाला छंद नव्हता.

आता माझा आवडता भाग. पपायरसची खोडं एकमेकांत गुंतून जाड गालिचा बनतो आणि तो बऱ्याच ठिकाणी चक्क पाण्यावर तरंगतो. खाली मुळं लोंबत असतात आणि सांडपाणी त्या मुळांच्या जंजाळातून जातं. सांडपाण्यात अमोनिया असतो. पपायरसच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून ऑक्सिजन मुळापर्यंत उतरतो आणि थोडा बाहेर झिरपतो, म्हणून मुळाभोवती अगदी पातळ थर ऑक्सिजनवाला, तिथे नायट्रोसोमोनास वगैरे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट. त्या थराबाहेर ऑक्सिजन संपलेला, तिथले बॅक्टेरिया ऑक्सिजनच्या ऐवजी नायट्रेटवर श्वसन करतात आणि त्यातून सुटतो नायट्रोजन वायू, जो हवेत 78 टक्के आहेच. म्हणजे घाण नुसती गाळून बाजूला नाही काढली, तिचा हिशोबच संपवला! मात्र फॉस्फरसचा असा वायू होत नाही, तो गाळात बसतो किंवा झाडात जातो, आणि झाड तिथेच कुजलं की परत पाण्यात. म्हणून पपायरस अधूनमधून कापून न्यायला हवा, जुने लोक चटयांसाठी नेमकं तेच करत होते.

अळू चिखलात रुजतं, पाण्यात लोंबणारी मुळं फार कमी. त्यात लागवडीसाठी पपायरस तोडायचा आणि पाणी साचू नये म्हणून चर खणायचे. मग सांडपाणी चरातून सुसाट, मुळांना न भेटताच सरोवरात. मकेरेरे विद्यापीठातल्या संशोधकांनी नाकिवुबोत मोजमापं केली, त्यात पपायरस अळूपेक्षा सरस ठरला. हे पाणी ज्या इनर मर्चिसन उपसागरात जातं तिथूनच गाबाच्या जलशुद्धीकरण केंद्रात शहराचं पिण्याचं पाणी उचलतात! 1999 च्या एका अभ्यासात या दलदलीच्या पाणी शुद्ध करण्याच्या सेवेची किंमत वर्षाला 10 ते 17.5 लाख डॉलर काढली होती.

जाता जाता मलेरियाचं. दलदल म्हणजे मलेरियाचं घर, बुजवा ती, हे वसाहतीच्या काळापासून चाललंय. पण अॅनोफेलिस गॅम्बियी या मुख्य डासाला उन्हातली उघडी डबकी आवडतात, पपायरसची गर्द सावली नाही. पपायरस तोडून शेती केली की अशी डबकी आपणच तयार करतो. नैर्ऋत्य युगांडात शेतीखाली आणलेल्या दलदलींजवळ डास जास्त सापडलेत. आणि 'दलदल म्हणजे निसर्गाचा फुकट एसटीपी' (सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र) असे फॉरवर्डही तितकेच फसवे, मर्यादेपेक्षा जास्त घाण लोटली तर पपायरसही हात टेकतो.

कम्पाला महापालिकेने 2005 मध्ये शहरातली शेती कायदेशीर केली, पाणथळ जागा सोडून. अळू तरीही लागतंच, कारण पाणी बारमाही आणि खत फुकट. त्या खताबरोबर गॅरेज-कारखान्यांचं शिसं आणि कॅडमियमही येतं, पालेभाज्यांत ते सापडलंय. उकळून जंतू मरतील, शिसं तिथेच राहतं.