गेलर्टच्या कबरीत कुत्रा नाही

उत्तर वेल्समधल्या बेदगेलर्ट गावी ग्लासलिन नदीकाठी गेलर्ट या कुत्र्याची कबर दाखवतात. तेराव्या शतकातला राजा लिवेलिन शिकारीहून परतला, तर पाळणा उलटलेला, कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं. त्यानं तलवार खुपसली आणि मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडलं, शेजारी मेलेला लांडगा. पाटीवर हे इतिहास म्हणून कोरलंय, आणि लोक तसंच पुढे सांगतात. काही जण तिला अस्सल केल्टिक, म्हणजे वेल्ससारख्या भागांतल्या प्राचीन लोकांची, कथा म्हणतात.

पण ही कबर अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेली आहे. गावातल्या गोट हॉटेलचा चालक डेव्हिड प्रिचर्ड यानं प्रवासी यावेत म्हणून ती उभी केली, असं मानलं जातं. गावाचं नाव त्याहून कितीतरी जुनं. ते बहुधा केलर्ट नावाच्या संतावरून पडलं.

गोष्ट मात्र आपल्या ओळखीची. पंचतंत्रातलं ब्राह्मणाघरचं मुंगूस आठवा! तीच कथा फारसी-अरबी भाषांतरांतून युरोपात पोचली. तेराव्या शतकातच फ्रान्समध्ये लिआँजवळ गिनफोर नावाच्या कुत्र्याबद्दल ती सांगितली जात होती, तिथे लांडग्याऐवजी पंचतंत्रातला साप कायम होता. लोक त्या कुत्र्याला संत मानून आजारी मुलं त्याच्या थडग्यापाशी नेत. म्हणून या कथेला अस्सल केल्टिक म्हणणं मला पटत नाही.