मातृआक्रमकता (उंदरांच्या प्रजनन वसाहतीतील)

व्यालेली मादी घरट्याजवळ फिरकणाऱ्यावर जो हल्ला करते, त्याला मातृआक्रमकता म्हणतात. समोर अनोळखी नर असो, दुसरी मादी असो की माणसाचा हात, तिच्या लेखी सगळे सारखेच. मराठीत रॅट आणि माऊस या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो; ही नोंद त्यांतल्या थोरल्याची, म्हणजे रॅटची आहे. विस्टार, स्प्रेग-डॉली, लाँग-एव्हन्स हे प्रयोगशाळेतले वाण तपकिरी उंदराचे (रॅटस नॉर्व्हेजिकस) वंशज आहेत. एरवी तळहातावर निवांत बसणारी मादी व्याल्यावर बोट फोडते आणि मग ‘ही बिघडली’ असा शेरा तिच्या पिंजऱ्यावर लागतो. हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. तिचा राग मुदतीचा असतो, आणि वसाहतीची सारी व्यवस्था त्या मुदतीभोवती आखावी लागते.

मादी 21 ते 23 दिवस गाभण राहते. शेवटच्या काही दिवसांतच ती इतरांना घरट्यापासून हुसकावू लागते. व्याल्यावर पहिल्या आठवड्यात हा जोर टोकाला जातो. चौदाव्या-पंधराव्या दिवशी पिल्लांचे डोळे उघडतात, ती घरट्याबाहेर दुडदुडू लागतात, तसा तो ओसरतो. 21 व्या दिवसाच्या सुमारास दूध तोडेपर्यंत मादी बहुधा पूर्ववत झालेली असते.

प्रसूतीपूर्वी प्रोजेस्टेरॉन उतरते, प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन वाढतात. मात्र ही संप्रेरके फक्त जमीन तयार करतात. राग टिकवून धरतात ती पिल्लेच. पिल्ले काही तास दूर ठेवली तर मादी निवळते, परत दिली की पुन्हा पहाऱ्यावर उभी राहते. पिल्लांचा नुसता वास किंवा आवाज त्याला पुरत नाही, पोटाला त्यांचा स्पर्श लागतो. म्हणून राग घालवायला पिल्ले काढून घ्यावीत, असा हिशेब कोणी करू नये. पाच-सहा ग्रॅमच्या त्या उघड्या जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही.

या पहाऱ्याला कारण आहे. अनोळखी नर पिल्ले मारतो. परकी मादीही मारते, कधी घरट्याच्या जागेसाठी. सोबत राहिलेला पिल्लांचा बाप सहसा इजा करत नाही, पण मादी व्याल्यापासून 24 तासांच्या आत पुन्हा माजावर येते आणि तो तिला लगेच गाभण करतो. मग पहिले वेत अंगावर असतानाच पुढचे पोटात वाढते. थोरली पिल्ले दूध तोडून वेळीच वेगळी केली नाहीत तर ती धाकट्यांना आचळापासून रेटतात आणि धाकटी उपाशी मरतात. त्यामुळे नराला प्रसूतीपूर्वीच बाहेर काढणे बरे.

एका नरासोबत दोन-तीन माद्या ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. एकत्र वाढलेल्या बहिणी एकाच सुमारास व्याल्या तर पुष्कळदा पिल्ले एका घरट्यात गोळा करून दोघी मिळून पाजतात. हीच गोष्ट अनोळखी माद्यांकडून किंवा दोन वेतांत बरेच अंतर असताना अपेक्षू नये. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गाभण मादीला प्रसूतीच्या तीन-चार दिवस आधी स्वतंत्र पिंजरा, भरपूर कागदाच्या पट्ट्या आणि एक झाकलेला कोपरा देणे. जागा बदलायची ती आधीच. व्याल्यावर हलवलेल्या मादीची घडी विस्कटते.

दाटीचे टोक अमेरिकी संशोधक जॉन कॅल्हून यांनी मेरीलँड राज्यात पाहिले. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात, अतिगर्दीच्या वसाहतीत माद्या घरटे अर्धवट सोडत, पिल्ले नेताना वाटेत टाकत, आणि सर्वांत विस्कटलेल्या गटांत पिल्लांची मरतूक 96 टक्क्यांपर्यंत गेली. तिथे आयांचा पहाराच कोसळला होता. वसाहतीत व्यालेल्या माद्या कोणालाच हुसकावत नाहीत, हे सुलक्षण असेलच असे नाही.

माणसाच्या हाताबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण निम्म्या कुरापती आपल्याच असतात. पहिले दोन दिवस पिल्ले मोजण्याची घाई आवरावी. ती जगताहेत का, हे लांबूनही कळते: भरल्या पोटाच्या पिल्लाच्या पातळ गुलाबी कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. हात घालणे भागच असेल तर आधी मादीला नळकांड्यात किंवा खोक्यात चालत येऊ द्यावे, ते बाजूला ठेवावे आणि तळव्यांना तिच्याच घरट्यातला भुसा चोळून मग पिल्लांना शिवावे. मादीचे केस पिंजारले, ती अंग तिरके करून सरकू लागली, दात वाजवू लागली, की हात मागे घ्यावा. पुढची पायरी झेप ही असते. साफसफाईत जुने घरटे मूठभर तरी ठेवावे. सगळा वास पुसला गेला की मादीला ती परकी जागा वाटते. खोलीतल्या यंत्रांच्या आपल्याला न ऐकू येणाऱ्या आवाजाकडेही लक्ष हवे. पिल्ले आईला 40 किलोहर्ट्झच्या आसपासच्या स्वरात हाक मारतात. आपला कान 20 च्या वर जात नाही, तेव्हा आपल्याला शांत वाटणारी खोली तिच्यासाठी गोंगाटाची असू शकते.

स्वतःची पिल्ले खाणे ही निराळी बाब आहे. मेलेले पिल्लू आणि वार मादी खातेच, त्यात वावगे काही नाही. जिवंत पिल्ले मारली तर पहिलटकरीण, सततचा व्यत्यय, आजारी पिल्ले किंवा पाण्याची कमतरता यांचा विचार आधी करावा. पाण्याच्या बाटलीच्या नळीला पाणी उतरते का, हे बोटाने तपासायला क्षणही लागत नाही, आणि नेमके तेच राहून जाते.

स्वभावाचा भाग उरतोच. रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे आनुवंशशास्त्रज्ञ द्मित्री बेल्यायेव यांच्या पुढाकाराने 1972 पासून रानटी उंदरांची निवड सुरू झाली. निकष एकच, मोजा घातलेल्या हाताशी उंदीर कसा वागतो. काही पिढ्यांतच एक वंश हाताळू देऊ लागला, दुसरा किंचाळत अंगावर येऊ लागला. म्हणून नोंदवहीत चावल्याची तारीख लिहावी आणि शेजारी वेताचा दिवसही लिहावा. पाचव्या दिवशी चावलेली मादी प्रजननासाठी ठेवायला हरकत नाही. पिल्लांचे दूध तुटून महिना झाल्यावरही जी चावते, तिच्या लेकी पुढच्या जोड्यांत घेऊ नयेत.