खान्देशातील लघुविमान-उड्डाण

खान्देशातील लघुविमान-उड्डाण : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशात प्रशिक्षण, प्रायोगिक चाचणी आणि काही प्रमाणात हौस म्हणून होणारे छोट्या विमानांचे उड्डाण. यात प्रशिक्षणाचा वाटा सर्वांत मोठा. नोंद घेण्याजोग्या धावपट्ट्या तीन : धुळ्यालगत गोंदूर, जळगावजवळ अजिंठा मार्गावर कुसुंबा आणि शिरपूर येथील खासगी धावपट्टी. पहिल्या दोन १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, बहुधा १९७३-७४ च्या सुमारास तयार झाल्या. त्यापूर्वी या प्रदेशाने विमाने पाहिली ती बव्हंशी डोक्यावरून जाणारी. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला पस मॉथ विमानातून टपाल आणले, तो मार्ग खान्देशाच्या पश्चिमेकडून गेला. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांची मुंबई–दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे सुरू झाली. मुंबई ते इंदूर सरळ रेषा काढल्यास ती साक्रीवरून व शिरपूरच्या अलीकडून जाते, तेव्हा नियमित विमानाची घरघर पश्चिम खान्देशाने प्रथम त्या सुमारास ऐकली असावी.

स्वनिर्मित विमान व अग्रक्रमाचा वाद : धुळ्याचे नाव भारतीय विमानविद्येत येते ते मुख्यतः कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानामुळे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये गोंदूरच्या धावपट्टीवर चाचणी-उड्डाणे झाली. विमान उडण्यापेक्षा कागद पुढे सरकण्यास अधिक वेळ लागला, असे या क्रमावरून म्हणता येईल.

यादव यांचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव बहुधा जोडून येते. तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित यान सु. १,५०० फूट उंच उडविले, असा एक पक्ष आहे. त्या प्रसंगी महादेव गोविंद रानडे व सयाजीराव गायकवाड उपस्थित होते आणि ‘केसरी’त वृत्त आले, असेही हा पक्ष सांगतो. मात्र ते वृत्त अंक-तारखेसह कोणी पुढे ठेवलेले नाही व दाव्याची ज्ञात रूपे पुष्कळ उशिराची आहेत. दुसरा आधार दिला जातो तो प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा. तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतला, म्हणजे तळपदे यांच्या निधनानंतर (सु. १९१६). बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांना विमानविद्येचा ध्यास होता, याविषयी दुमत नसावे. प्रयोग केलेच नाहीत असेही ठामपणे म्हणणे कठीण. तथापि राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाची छायाचित्रे व टिपणे आहेत, तशी चौपाटीच्या प्रसंगाची नाहीत. गोंदूरच्या चाचण्यांची कागदोपत्री नोंद आहे, हे त्यांचे महत्त्व अशा वेळी विशेष जाणवते.

हवा व विमान : खान्देशचा उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४४° से.च्या वर जातो. धुळे समुद्रसपाटीपासून सु. २५० मी. उंचीवर आहे. विमानविद्येत हिशेबासाठी गृहीत धरलेल्या प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान सु. १३·४° से. धरलेले असते. पारा ४४° से.वर असताना हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी सु. १,३५० मी. उंचीवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वराएवढी वर असते. यालाच घनता-उंची म्हणतात. टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारे साधन) नसलेल्या पिस्टन इंजिनाची शक्ती अशा हवेत बारा ते चौदा टक्क्यांनी घटते, पंख्याची (प्रोपेलरची) पकड सैल होते आणि पंखांना तोच उचल-जोर मिळण्यासाठी जमिनीवरील वेग अधिक लागतो. तिन्ही गोष्टी मिळून सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानाला ढोबळ मानाने दीडपट धाव घ्यावी लागते आणि चढही मंदावतो. म्हणून उन्हाळ्यातील उड्डाणे पहाटे व सकाळी उरकण्याकडे कल असतो.

दुपारी आणखी एक अडचण असते. नांगरून उघडी पडलेली काळी जमीन भराभर तापते व तिच्यावरून गरम हवेचे झोत उठतात. वावटळी त्यातूनच निर्माण होतात. पाणी दिलेल्या केळीच्या बागांवरची हवा त्या मानाने थंड राहते. यावल-रावेर पट्ट्यावरून कमी उंचीवर जाणारे हलके विमान उघड्या शेतावर आपोआप वर उचलले जाते आणि केळीवर आले की खाली बसते. नवख्या विद्यार्थ्याचे पोट ढवळते ते इथे. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात असा पट्टा आडवा आला, तर इंजिनाची गती पुनःपुन्हा कमीजास्त करावी लागते.

वारा बहुतेक पश्चिमेचा. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा-अजिंठा यांच्यामधून तापीचे खोरे पूर्व–पश्चिम पसरले आहे. जळगावची धावपट्टी (०९/२७, म्हणजे ९०° व २७०° दिशांची) याच दिशेची असल्याने आडव्या वाऱ्याचा त्रास मर्यादित राहतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याही वाऱ्याच्या जोरावरच.

प्रशिक्षण : बॉम्बे फ्लाइंग क्लब (स्थापना १९२८, जुहू) या जुन्या संस्थेने मुंबईच्या आकाशातील गर्दीमुळे धुळ्यात तळ केला. शिरपूर येथे खासगी अकादमी आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. हौशी वैमानिकाच्या खासगी परवान्यास ४० तास पुरतात.

उड्डाणापूर्वी पंखाखालच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळकांड्यात काढून उजेडात धरतात. एव्हगॅस (पिस्टन विमानांचे पेट्रोल) फिकट निळे असते. पाणी असल्यास ते तळाशी रंगहीन थेंबासारखे वेगळे बसते. दिवस व रात्र यांच्या तापमानात येथे मोठा फरक पडत असल्याने अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्पाचे पाणी होऊन साचते, त्यामुळे ही तपासणी टाळता येत नाही. दिशेसाठी जमिनीवरच्या खुणा ठळक आहेत : तापी व गिरणा यांची पात्रे, मुंबई–आग्रा महामार्ग, जळगावला येऊन मिळणारा सुरतचा लोहमार्ग, भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुराडी. हिवाळ्यातील निरभ्र सकाळी सातपुड्याची रांग दुरूनच दिसते, आणि शिक्षकाविना पहिली फेरी मारणाऱ्यास दिशा चुकण्याची भीती उरत नाही. ती फेरी पुरी करून उतरलेल्या विद्यार्थ्यावर सोबत्यांनी बादलीभर पाणी ओतण्याची प्रथा इतर क्लबांप्रमाणे येथेही आहे.

अपघात : १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षण विमान कोसळले. शिक्षकाचा मृत्यू झाला, प्रशिक्षणार्थी तरुणी जखमी झाली. रस्ता नसलेल्या त्या भागात आदिवासी ग्रामस्थ प्रथम पोहोचले. एका महिलेने अंगावरची साडी काढून दिली व तिची झोळी करून जखमी तरुणीला खाली आणण्यात आले.

जळगाव विमानतळाचे नूतनीकरणानंतर मार्च २०१२ मध्ये उद्घाटन झाले. प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी तेथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, ती पुढे खंडित होत राहिली. विमानतळ प्राधिकरणाच्या उड्डाण-प्रशिक्षण धोरणात बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लिलाबारी यांच्यासह जळगावची निवड झाल्याने आता तेथे प्रवासी व प्रशिक्षण अशी दोन्ही प्रकारची विमाने एकच धावपट्टी वापरतात. प्रवासी विमान येण्याच्या वेळी शिकाऊ विमानांना बाजूला घिरट्या घालत थांबावे लागते.