इराकचं तेल अमेरिकेने पळवलं?

‘२००३ च्या युद्धानंतर इराकचं सगळं तेल अमेरिकेच्या घशात गेलं,’ हे वाक्य गेली वीस वर्षं गप्पांमध्ये आणि व्हॉट्सॲपवर फिरतंय. युद्धामागे तेलाचा हिशेब नव्हताच, असं मी म्हणणार नाही. पण पुढे घडलं ते वेगळं.

२००९ मध्ये बगदादने तेलक्षेत्रांचे लिलाव केले. जमिनीखालचं तेल इराकचंच राहिलं. कंपन्यांना खर्चाची भरपाई आणि वाढीव उत्पादनावर बॅरलमागे ठरलेलं शुल्क, एवढंच. बसऱ्याजवळच्या अवाढव्य रुमैला क्षेत्रासाठी अमेरिकेच्या एक्सॉनमोबिलने ४.८० डॉलर मागितले. सरकार २ च्या वर जाईना. शेवटी त्या दराला तयार झाल्या ब्रिटनची बीपी आणि चीनची सीएनपीसी. वेस्ट कुर्ना-२ हे तेलक्षेत्र तर रशियाच्या लुकॉइलने नॉर्वेच्या स्टॅटऑइलसह १.१५ डॉलरवर उचललं! एक्सॉनमोबिलला वेस्ट कुर्ना-१ मिळालं खरं, पण नंतर तीही बाहेर पडली आणि तिथली मुख्य कंत्राटदार झाली पेट्रोचायना.

लूटमार झाली, नाही असं नाही. २००३ मध्ये तेलखात्याच्या यंत्रसामग्रीची लूट झाली, आणि किरकुकहून तुर्कस्तानात जाणारी पाइपलाइन घातपातांमुळे वारंवार बंद पडत राहिली. उत्पादन सावरायला वर्षं गेली, ती मुख्यतः यामुळे.