दमट हवेत कुत्र्याचं नाक का हरतं?

ऑक्टोबरातला रविवार. अलिबागजवळच्या कनकेश्वराच्या पायऱ्यांवर एक लॅब्रॅडॉर बसला तो उठेचना. जीभ लोंबलेली, हिरड्या लालभडक. मालक नुसता हाका मारतोय. बघता बघता अनोळखी माणसं जमली, प्रत्येकाने आपली बाटली पुढे केली. मदत मनापासूनची होती, सल्ल्यांचा मात्र मेळ नव्हता. "एकदम गार पाणी नका ओतू, धक्का बसेल त्याला." "ओल्या टॉवेलात घट्ट गुंडाळा." एका काकांनी हुंगवायला कांदा काढला. एकमत होतं ते एवढ्यावरच, की कुत्र्याला घाम जिभेतून येतो.

नाही येत. जिभेवरून गळते ती लाळ. घामाच्या कामाच्या ग्रंथी फक्त पंजांच्या गाद्यांत असतात, आणि शरीर थंड करायला त्या पुरत नाहीत. खरं काम चालतं नाकात. तिथे पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलसर अस्तर. आत येणारी हवा त्यावरून जाताना तापते आणि वाफेने भरते. पाण्याची वाफ व्हायला ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते, ती रक्तातून जाते. पण हीच हवा नाकातूनच परत निघाली, तर गार झालेल्या अस्तरावर वाफ पुन्हा पाणी होईल आणि गेलेली उष्णता परत येईल! म्हणून धापणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने घेतो आणि तोंडाने सोडतो. प्राणिशरीरक्रियेचे अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९७० साली हे मोजून दाखवलं.

धापण्याचा वेग मिनिटाला तीनशेच्या आसपास असतो. एवढं धापून स्नायू आणखी तापत नाहीत का? फारसे नाही. पडवीतल्या झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलका रेटा पुरतो, तसं छाती आणि फुप्फुसं आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येवर हलतात. मला तर ही युक्ती नाकापेक्षाही देखणी वाटते.

आता थोडा हिशेब. ३० किलोचा कुत्रा ३५० मीटर चढला, तर उंची गाठायलाच सुमारे १०० किलोज्यूल लागतात. स्नायूंची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर आणखी ४०० किलोज्यूलची निव्वळ उष्णता होते. ती सगळी अंगातच राहिली, तर तापमान जवळजवळ ४ अंशांनी चढेल, म्हणजे ३९ वरून ४३ वर. हे जिवावर बेततं. ती फक्त वाफेने काढायची तर सुमारे १७० ग्रॅम पाणी उडायला हवं. ३९ अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण ४८ ग्रॅम वाफ मावते. देशावरच्या कोरड्या हवेत (३२ अंश, आर्द्रता ३० टक्के) आधीच १० ग्रॅम असते, म्हणजे ३८ ग्रॅमला जागा. कोकणात त्याच ३२ अंशांना आर्द्रता ८० टक्के असली, की २७ ग्रॅम आधीच भरलेले. उरली २१ ची जागा. तेवढ्याच गारव्यासाठी जवळजवळ दुप्पट हवा नाकातून फिरवावी लागते. पग किंवा बुलडॉगच्या चपट्या नाकाला तर ते झेपणंच कठीण. थर्मामीटर सारखाच आकडा दाखवतो आणि आपण "आज ऊन फार नाही" म्हणत कुत्र्याला वर नेतो.

धक्क्याची भीती जुनी आहे. हल्लीचा पशुवैद्यकीय सल्ला असा: आधी गार करा, मग न्या. ब्रिटनमधल्या उष्माघात झालेल्या कुत्र्यांच्या २०१६ ते २०१८ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा जेमतेम २२ टक्के कुत्र्यांना दवाखान्यात नेण्याआधी गार केलेलं आढळलं. कुत्र्यापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालतं. सावलीत आडवं करून पोटावर, काखांत, जांघांत ओतत राहा आणि टोपीने वारा घाला. दमट हवेत वाफेवर फार भिस्त नको. वाहतं पाणी नुसत्या स्पर्शाने उष्णता नेतं, हवेत किती वाफ आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गुंडाळलेला ओला टॉवेल मात्र थोड्या वेळात अंगाइतकाच तापतो आणि वारा अडवतो. कांद्याने ऊन उतरत नाही. उलट पोटात गेला तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. गुंगीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

कनकेश्वरावर शेवटी चौघांनी त्याला चादरीच्या झोळीत घालून मापगावापर्यंत उतरवला. असा कुत्रा खाली येऊन शेपूट हलवू लागला तरी दवाखाना टाळू नये. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडल्याचं कधी कधी दुसऱ्या दिवशी कळतं.